तारापूरचा दुसरा धातू

मागच्या पावसाळ्यात माझ्या दाढेवर कॅप बसवायची वेळ आली. दंतवैद्यांनी दोन नमुने पुढे ठेवले. एक धातूवर चिनी मातीचा मुलामा दिलेली, स्वस्त. दुसरी ‘झिरकोनियाची’, तिच्या दुपटीहून महाग. मी दुसरी हातात घेतली. नखाएवढी, दुधासारखी पांढरी, आणि आकाराच्या मानाने चांगलीच जड. धातूचा लवलेश दिसत नव्हता, तरी ती एका धातूचीच राख होती, असे म्हटले तर चूक नाही. झिर्कोनियम ऑक्सिजनमध्ये जळून जे उरते तेच हे झिरकोनिया.

मी राहतो वाणगावात. स्टेशनपासून पश्चिमेला मिरचीच्या वाड्या ओलांडत समुद्राकडे गेले, की चिंचणी आणि मग तारापूर. अणुवीज केंद्र आमच्यापासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरांवर. बोईसर-वाणगाव पट्ट्यात अणुऊर्जेचा विषय निघाला की युरेनियमचे नाव शाळकरी पोरही घेते. झिर्कोनियमचे नाव मात्र मी ना ग्रामसभेत ऐकले, ना लोकलच्या डब्यात. युरेनियम आणि आपण यांच्यात जी पहिली भिंत उभी आहे, ती याच धातूची आहे, आणि तिची जाडी एक मिलिमीटरही नाही. ज्या भिंतीच्या भरवशावर आपण झोपतो ती कशाची आहे, कशी बांधली आणि कधी ढासळू शकते, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. म्हणून हा आढावा.

झिर्कोनियम हे संक्रमणी मूलद्रव्य. अणुक्रमांक ४०, आवर्त सारणीत टायटॅनियमच्या खाली आणि हाफ्नियमच्या वर. रंग पोलादासारखा करडा-चंदेरी, घनता पाण्याच्या साडेसहापट, वितळबिंदू सुमारे १८५० अंश सेल्सिअस. दुर्मीळ म्हणावे तर तसेही नाही. पृथ्वीच्या कवचात ते तांब्याहून अधिक आहे. तांब्याची भांडी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि झिर्कोनियमचा चमचाही कुणी पाहिलेला नाही, याचे कारण या धातूच्या स्वभावात आहे. त्याला ऑक्सिजनची विलक्षण ओढ आहे. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळे या एका ओढीतून निघते. धातू वेगळा काढणे अवघड होते ते तिच्यामुळे, अणुभट्टीतली इंधनाची नळी पाण्यात वर्षानुवर्षे टिकते ती तिच्यामुळे, आणि अपघातात घात होतो तोही तिच्यामुळेच.

आधी नाव. फारसीतल्या ‘जरगून’ म्हणजे सोनेरी या शब्दाशी त्याचा संबंध जोडतात. श्रीलंकेतून आलेल्या झिर्कॉन खड्याचे पृथक्करण करताना १७८९ मध्ये बर्लिनच्या मार्टिन क्लापरोथला त्यात एक अनोळखी ऑक्साइड सापडले. त्यातून धातू काढायला १८२४ साल उजाडले. ते काम बर्झेलियसने केले, पण हाती आली ती अशुद्ध काळी भुकटी. वाकवता येईल असा शुद्ध धातू १९२५ मध्ये हॉलंडच्या व्हान आर्केल आणि डी बोअर यांनी आयोडीनच्या साहाय्याने बनवला. म्हणजे शोध आणि उपयोगी धातू यांच्यात १३६ वर्षे गेली! तेव्हा त्याचा वापर दिव्यांच्या फिलामेंटपुरता आणि निर्वात नळ्यांतला उरलासुरला वायू शोषून घेण्यापुरता.

मग १९४० च्या दशकात अणुभट्ट्या आल्या. भट्टी चालते न्यूट्रॉनांवर. एक युरेनियमचा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात, त्यांतल्या एकाने पुढचा अणू फोडायचा. हिशेब इतका काटेकोर, की मधल्या सामानाने न्यूट्रॉन गिळले तर साखळी तुटते. इंधन उघडे ठेवता येत नाही, त्याला नळीत बंद करावे लागते. नळी पोलादाची केली तर लोखंड आणि निकेल बरेच न्यूट्रॉन खातात. अ‍ॅल्युमिनियम कमी खाते, पण तीनशे अंशांच्या पाण्यात तग धरत नाही. झिर्कोनियम दोन्ही परीक्षांत उतरेल असे वाटत होते, पण सुरुवातीच्या मोजमापात तेही न्यूट्रॉनखाऊ निघाले आणि जवळजवळ बादच झाले.

दोष झिर्कोनियमचा नव्हता, त्याच्या पाठीला पाठ लावून आलेल्या भावाचा होता. निसर्गातल्या प्रत्येक झिर्कोनियममध्ये दोन टक्क्यांच्या आसपास हाफ्नियम मिसळलेले असते. लँथनाइड आकुंचनामुळे दोघांच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा. बारावीला ही एक ओळ आपण गुणांसाठी पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. आकार सारखा, संयुजा सारखी, म्हणून रासायनिक वागणूकही सारखी. त्यामुळेच हाफ्नियम वेगळे मूलद्रव्य आहे हे कळायला १९२३ साल यावे लागले. कोपनहेगनमध्ये कोस्टर आणि हेवेशी यांनी ते क्ष-किरणांच्या मदतीने ओळखले. न्यूट्रॉनच्या बाबतीत मात्र दोघे दोन टोकांना. हाफ्नियम झिर्कोनियमच्या पाचशेपटींहून जास्त न्यूट्रॉन गिळते. ते काढून टाकल्यावर उरलेले झिर्कोनियम न्यूट्रॉनांना जवळजवळ पारदर्शक ठरले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हे उमगले, आणि नौदलाच्या रिकोव्हर यांनी ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीसाठी हाच धातू निवडला. १९५४ मध्ये ती पाण्यात उतरली. तारापूरची कहाणी तिथून फार दूर नाही.

धातू येतो वाळूतून. झिर्कॉन म्हणजे झिर्कोनियमचे सिलिकेट, समुद्रकाठच्या जड वाळूत सापडणारे. आमच्या डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरची काळसर रेती पाहून एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, ‘सर, ही चालणार नाही का?’ प्रश्न चांगला होता. आपली काळी रेती सह्याद्रीच्या बेसाल्टची झीज आहे. तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट मिळते. रत्नागिरीकडे तर इल्मेनाइटचे साठे प्रसिद्धच आहेत. पण झिर्कॉन सिलिकाने समृद्ध खडकांत, ग्रॅनाइटसारख्यांत तयार होते, बेसाल्टमध्ये नाही म्हणण्याइतके. म्हणून ते केरळात चवऱ्याला, तमिळनाडूत मनवलाकुरिचीला आणि ओडिशात छत्रपूरला काढतात. १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ या नावाने स्थापन झालेली सरकारी कंपनी हे काम करते. वाळू आधी पाण्याच्या धारेत घोळून जड भाग वेगळा करतात, मग चुंबकाने इल्मेनाइट ओढून घेतात, मग विजेच्या भारित रुळांवरून उरलेली वाळू सोडतात. रुटाइल वीज वाहते म्हणून एकीकडे पडते, झिर्कॉन वाहत नाही म्हणून दुसरीकडे. जुन्या काळी आया सुपात धान्य पाखडून खडे वेगळे करत, त्याच जातीचे हे काम, फक्त सूप विजेचे.

ती वाळू जाते हैदराबादला. १९७१ मध्ये तिथे अणुइंधन संकुल, म्हणजे एनएफसी, उभे राहिले. त्याआधी तुर्भ्याला डॉ. ब्रह्मप्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाळूपासून धातू काढण्याची प्रक्रिया बसवली होती. झिर्कॉन इतके चिवट, की साध्या आम्लाला दाद देत नाही. ऑस्ट्रेलियात सापडलेले झिर्कॉनचे कण ४४० कोटी वर्षांचे आहेत. पृथ्वीवर त्याहून जुना पार्थिव पदार्थ आजवर मिळालेला नाही. म्हणून आधी ते कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून फोडतात आणि मग नायट्रिक आम्लात विरघळवतात. आता हाफ्नियमची पाळी. आम्लातले हे द्रावण ट्रायब्युटाइल फॉस्फेट मिसळलेल्या केरोसीनबरोबर टप्प्याटप्प्याने घुसळतात. झिर्कोनियम केरोसीनच्या थरात जाते, हाफ्नियम आम्लात मागे राहते. एका घुसळणीत फरक थोडाच पडतो, म्हणून ती पुन:पुन्हा करावी लागते. शेवटी दहा लाख भागांत हाफ्नियमचे शंभरही भाग उरू नयेत, अशी अट असते.

एवढे करूनही हाती येते ते ऑक्साइड, म्हणजे माझ्या दाढेवरची पांढरी वस्तू. धातू अजून दूर आहे. लोखंड कोळशाने निघते तसे इथे होत नाही. कोळसा ऑक्सिजन काढून घेईपर्यंत झिर्कोनियम कार्बनलाच धरून बसते आणि कार्बाइड होते. म्हणून वळसा घ्यावा लागतो. ऑक्साइड कोळशासोबत क्लोरीनच्या झोतात तापवून त्याचे क्लोराइड करायचे. ते बंद भांड्यात, आर्गॉन वायूखाली, वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडायचे. मॅग्नेशियम क्लोरीन ओढून घेते आणि झिर्कोनियम सुटते. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांची ही पद्धत. मग निर्वात भट्टीत मॅग्नेशियमचे अवशेष उडवून लावले की उरतो करडा, भोकाभोकांचा गोळा. त्याला स्पंजच म्हणतात. तमिळनाडूत तुतुकुडीजवळ पळयकायल इथेही एनएफसीचा असा कारखाना आहे, २००९ पासून. एवढा खटाटोप कशासाठी, तर धातूच्या जवळ हवेचा एक श्वासही जाऊ नये म्हणून. गरम झिर्कोनियमने ऑक्सिजन वा नायट्रोजन किंचित जरी शोषला, तरी धातू काचेसारखा ठिसूळ होतो.

स्पंजात दीड टक्का कथील आणि जरासे लोखंड, क्रोमियम, निकेल मिसळून निर्वातात वितळवले की झिर्कॅलॉय-२ तयार. मग ठोकणे, दाबून नळी काढणे, आणि ती पुन:पुन्हा थंड अवस्थेत लाटून बारीक करणे. या लाटण्याला कमी लेखू नये. धातूचे स्फटिक कोणत्या दिशेने झुकतात हे लाटण्यावर ठरते, आणि पुढे नळीत हायड्रोजन शिरला तर त्याच्या चिरा परिघाला समांतर पडतील की आरपार, हे त्या झुकण्यावर. आरपार पडल्या तर नळी गळते.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला, ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र. या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या. प्रत्येकीच्या गाभ्यात इंधनाचे २८४ जुडगे, प्रत्येक जुडग्यात सहा बाय सहाच्या मांडणीत ३६ नळ्या. म्हणजे एका भट्टीत दहा हजारांवर नळ्या, प्रत्येक साधारण साडेतीन मीटर लांब, अंगठ्याहून बारीक. आत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या एकावर एक रचलेल्या आणि दोन्ही तोंडे वेल्डिंगने बंद. त्या काळच्या अशा भट्ट्यांत, तारापूरसह, सुरुवातीच्या इंधनाच्या नळ्यांना भोके पडण्याचे प्रकार झाले. नळीत राहिलेला ओलावा हे त्याचे एक मोठे कारण. तेव्हापासून गोळ्या नळीत भरण्याआधी कडकडीत कोरड्या करण्याची शिस्त आली.

१९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने समृद्ध युरेनियम द्यायला का-कू सुरू केली. पुढे ते फ्रान्सकडून, मग चीन आणि रशियाकडून आले. राजकारणाच्या त्या गदारोळात एक गोष्ट कुणी फारशी सांगितली नाही: युरेनियम परदेशी असले तरी त्याच्याभोवतीची नळी आणि जुडग्यांची बांधणी हैदराबादची होती. इंधनासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागले, पण नळीसाठी पाहावे लागले नाही. मला हे यश भट्टी बांधण्यापेक्षा मोठे वाटते, कारण ती वाळूपासून नळीपर्यंतची साखळी देशाने स्वतः जुळवलेली आहे.

तिसरी आणि चौथी भट्टी वेगळ्या जातीची, जड पाण्याची, ५४० मेगावॉटची. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. या भट्ट्यांच्या जागेसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावे उठली. इथे इंधन नैसर्गिक युरेनियमचे, त्यामुळे न्यूट्रॉनांची चैन अजिबात परवडत नाही. झिर्कोनियम नसते तर ही भट्टी व्यवहारात आलीच नसती. प्रत्येकीत ३९२ आडवी नळकांडी, त्यांत अर्ध्या मीटर लांबीचे ५,०९६ बंडल, प्रत्येक बंडलात ३७ काड्या. गुणाकार केला तर एका भट्टीत १ लाख ८८ हजारांहून जास्त काड्या होतात, आणि त्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आडवी नळकांडीही झिर्कोनियमचीच, अडीच टक्के नायोबियम घातलेली, सुमारे सहा मीटर लांब.

आता दोष. तीनशे अंशांच्या पाण्यात झिर्कोनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. हीच त्याची ढाल. पण थर बसताना पाण्यातला ऑक्सिजन धातू घेतो आणि हायड्रोजन सुटतो, आणि त्यातला काही नळीतच मुरतो. वर्षानुवर्षे मुरला की हायड्राइडच्या सुईसारख्या रेषा पडतात, नळी ठिसूळ होते. निकेलमुळे हायड्रोजन जास्त मुरतो हे लक्षात आल्यावर ते वगळून झिर्कॅलॉय-४ आले. जड पाण्याच्या भट्टीची नळकांडी तर वर्षागणिक थोडी लांबतात आणि मधोमध वाकतात. म्हणून ठरावीक काळाने सगळीच बदलावी लागतात. ११ मार्च २०१६ रोजी, आपल्यापासून फार लांब नसलेल्या गुजरातच्या काक्रापार इथे, पहिल्या भट्टीत असेच एक नळकांडे गळले. बाहेरच्या बाजूने गंज चढला होता. सगळी नळकांडी बदलून भट्टी २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याआधी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कल्पाक्कमला भट्टीत जड पाणी सोडणारी झिर्कॅलॉयची जोडणीच तुटली होती. ती भट्टी वापरात परत आणण्यात डॉ. अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता. किरणोत्सारामुळे जिथे माणूस हात घालू शकत नाही, तिथे लांबून चालवायच्या अवजारांनी केलेली ती दुरुस्ती मराठी शाळांतून धडा म्हणून शिकवावी अशी आहे.

हे दोष हळूहळू वाढणारे आहेत, आणि तपासणीत सापडतात. खरा धोका वेगळा. भट्टी बंद केली तरी इंधन लगेच थंड होत नाही. बंद केल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच राहते, आणि ती कमी व्हायला दिवस लागतात. या काळात पाणी खेळते राहिले नाही तर नळ्या तापतात. हजार अंशांच्या पुढे गेल्या की वाफेतला ऑक्सिजन झिर्कोनियम झपाट्याने ओढू लागते. या क्रियेत स्वतःचीच उष्णता निघते, तापमान आणखी चढते, क्रिया आणखी वेगवान होते. एक किलो धातू असा पूर्ण जळाला तर सुमारे ४९० लिटर हायड्रोजन तयार होतो. भट्टीत झिर्कोनियम टनांनी असते. म्हणूनच अपघाताच्या हिशेबात आवरणाचे तापमान सुमारे १२०० अंशांपुढे जाता कामा नये, अशी मर्यादा अमेरिकेच्या नियमांत आहे आणि इतर देशांनीही ती धरली.

मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात हेच घडले. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाला त्याहून भयंकर. दूरदर्शनवर आपण ज्या इमारतींची छपरे उडताना पाहिली, ती युरेनियमच्या स्फोटाने उडालेली नव्हती. झिर्कोनियमने वाफेतून मोकळ्या केलेल्या हायड्रोजनचा तो स्फोट होता. फुकुशिमाच्या भट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच, जनरल इलेक्ट्रिकच्या आराखड्याच्या. तारापूरच्या पहिल्या दोघी त्याच घराण्यातल्या थोरल्या बहिणी. त्यांच्यात एक चांगली सोय आहे: वीज गेली तरी पंपाशिवाय, निसर्गाच्या अभिसरणावर काही तास उष्णता काढून घेणारा आपत्कालीन संघनक. फुकुशिमानंतर देशातल्या सगळ्या केंद्रांची तपासणी झाली, जादा पाणी आणि जादा जनित्रे यांची व्यवस्था वाढवली गेली. २०२० मध्ये तारापूरच्या या पहिल्या दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाल्या.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीकडे, जमीन वारंवार हादरू लागली. त्या थंडीत लोक घराबाहेर निजले. तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न विचारतात: भूकंपाने तारापूर पडेल का? माझ्या मते प्रश्न थोडा चुकतो. फुकुशिमाच्या भट्ट्या हादऱ्यासरशी आपोआप बंद झाल्या होत्या. घात झाला तो नंतर, समुद्राच्या लाटेने डिझेल जनित्रे बुडाली, पाणी थांबले आणि झिर्कोनियमने आपला स्वभाव दाखवला तेव्हा. जगभर आता या नळ्यांवर क्रोमियमचा पातळ लेप देऊन ही ओढ आवरण्याचे प्रयोग चालू आहेत. ते आशादायक आहेत, पण पाण्याला पर्याय नाहीत.

इतर उपयोग थोडक्यात. मोरबीच्या टाइलला दुधी पांढरेपणा झिर्कॉनच्या पुडीने येतो. ओतकामाच्या साच्यांना तिचा लेप देतात, म्हणजे वितळलेले लोखंड वाळूला चिकटत नाही. बाजारात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळतो तो खडा झिर्कोनियमच्या ऑक्साइडचाच. गाडीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर त्याचा, रासायनिक कारखान्यांत कडक आम्ले हाताळणारी भांडी शुद्ध धातूची. वजनाने पाहिले तर जगातले बहुतेक झिर्कॉन फरशी, ओतकाम आणि भट्टीच्या विटांतच जाते. धातू होण्याचा मान फार थोड्याला मिळतो.

आणि वापरून झालेल्या नळ्या? त्यांतल्या अनेकांचा शेवट इथेच, तारापुरात होतो. इथल्या पुनर्प्रक्रिया संयंत्रात जळालेल्या इंधनाच्या काड्या तुकडे करून नायट्रिक आम्लात टाकतात. युरेनियम, प्लुटोनियम विरघळते. झिर्कॅलॉय विरघळत नाही, टरफलासारखे मागे राहते. ती टरफले किरणोत्सारी असतात; त्यांतल्या झिर्कोनियम-९३ चे अर्धायुष्य पंधरा लाख वर्षांचे आहे. केरळच्या किनाऱ्यावरून निघालेली वाळू हैदराबादमार्गे येऊन आपल्या तालुक्याशेजारी कायमची मुक्कामाला राहते.

केंद्राभोवती १६ किलोमीटरांचे आपत्कालीन नियोजन क्षेत्र आहे आणि वाणगाव त्यात येते. या क्षेत्रात आपत्कालीन सराव होतात. पुढच्या वेळी अधिकारी गावात आले, की रांगेत उभे राहून परत येऊ नका. त्यांना विचारा: बाहेरची वीज गेली आणि जनित्रेही बंद पडली, तर नळ्यांवर पाणी किती तास राहील, आणि त्यानंतरचे पाणी कुठून येईल? उत्तर तासांच्या आकड्यात मागा, आणि ते ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.